इकडे बघा, ई कडे नोड्री

लग्नाची याद करायला दोन्हीकडची मंडळी बसत तेव्हा पूर्वी वादाचे विषय ठरलेले असत. मानपान कुणाचा किती, आहेर कुणाकुणाला, वऱ्हाड उतरवायचे कुठे, पंगतीला गोड कोणते. अलीकडे या यादीत एक कलम वाढले आहे. ‘फोटो कसले काढायचे?’ हा प्रश्न मुलगा किंवा मुलगी विचारते आणि वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. फोटो म्हणजे फोटो, त्यात ‘कसले’ काय? मग तरुण पिढी समजावून सांगते, की ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे आपण लहानपणापासून पाहत आलो ते: वधूवर मधे, नातेवाईक दोन्ही बाजूंना, सर्वांचे डोळे कॅमेऱ्याकडे. ‘कँडिड’ म्हणजे कुणाला न सांगता, कुणाचे लक्ष नसताना टिपलेले. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे पार्श्वसंगीतासह लग्नाचा छोटा चित्रपट. ‘प्री-वेडिंग’ म्हणजे लग्नाआधीच गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा आंबोलीच्या धुक्यात जाऊन काढून आणलेली जोडीची छायाचित्रे. आणि ड्रोन म्हणजे वरून. त्यात माणसे ओळखू येत नाहीत, मांडव मात्र छान दिसतो.

हा सारा हौसेचा आणि ऐपतीचा मामला आहे, त्यात नीतिविचार कसला शोधता, असे कुणी म्हणेल. शाळामास्तराला जिथेतिथे धडा दिसतो हा आरोप जुना आहे व तो मला मान्यही आहे. पण लग्न ही मुळातच कुणाच्या तरी समोर करण्याची गोष्ट आहे. अग्नीच्या, वडीलधाऱ्यांच्या, गावाच्या साक्षीने ते होते. कचेरीत नोंदणी करून लग्न करणाऱ्यांनाही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार लागतातच. या साक्षीदारांच्या रांगेत आता कॅमेरा येऊन उभा राहिला आहे. त्याने तिथे कोणत्या नात्याने उभे राहायचे, साक्षीदार म्हणून, प्रेक्षक म्हणून, की यजमान म्हणून, हे ठरवणे म्हणजेच छायाचित्रणाची शैली निवडणे. आणि हे ठरवताना आपण लग्न कुणासाठी करतो आहोत हेही नकळत ठरून जाते.

छायाचित्रणाची कला जगाला १८३९ साली माहीत झाली आणि काही वर्षांतच ती हिंदुस्थानात आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात वावरत होते. आपल्या आसपासच्या मराठी वस्तीच्या शहरांशी तर या कलेचा संबंध फारच जवळचा. लाला दीनदयाळ हे इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथे १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९२ साली त्यांनी तिथे खास पडदानशीन स्त्रियांसाठी एक स्टुडिओ काढला. त्या स्टुडिओचा कारभार एका इंग्रज बाईकडे होता. मला या हकिकतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याला कोण पाहणार, हा प्रश्न त्या काळी आधी सोडवावा लागे आणि मग चित्र निघे. आज चित्र आधी निघते आणि ते कुणाकुणाच्या हातातल्या फोनवर गेले हे मागाहून कळते.

जुन्या घरांच्या भिंतींवर लग्नाचे जे फोटो दिसतात ते पुष्कळदा लग्नात काढलेले नाहीत, लग्नानंतर काढलेले आहेत. चारआठ दिवसांनी नवी जोडी शालू-फेटा पुन्हा चढवून शहरातल्या स्टुडिओत जायची. नवरा खुर्चीवर, नवरी शेजारी उभी, मागे रंगवलेला महाल आणि बाजूला फुलदाणी. चेहरे इतके गंभीर, की आजची मुले त्यांना हसतात. पण त्या फोटोने लग्नातल्या एकाही विधीला धक्का लावला नव्हता. विधी विधीच्या जागी झाला, चित्र चित्राच्या जागी झाले.

पुढे कॅमेरा मांडवात आला. तरीही रोलमध्ये छत्तीस चित्रे असत आणि साध्या घरच्या लग्नात एक, फार तर दोन रोल खर्च होत. त्यामुळे छायाचित्रकाराला लग्न ठाऊक असावे लागे. गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, झाल, आणि मग आप्तांचे गट. त्याच्या त्या आज्ञा आपल्या कानांत अजून आहेत. ‘इकडे बघा, ई कडे नोड्री, थोडं हसा, स्वल्प नग्री.’ एका दमात दोन भाषा. सीमाभागातला हा माणूस कोणत्या समितीच्या ठरावाशिवाय दोन्ही भाषांचा आदर राखून होता. ‘इकडे’ आणि ‘ई कडे’ यांतले अंतर किती थोडे आहे हे त्यालाच बहुधा सर्वांत चांगले माहीत.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि त्याच्याबरोबर तो डोळे दिपवणारा दिवा. भटजी घामाघूम, होमापेक्षा दिव्याची धग जास्त. पंगतीत घास तोंडाशी नेलेला असताना तो उजेड तोंडावर आला, की पानावरच्या माणसाला आपण चोरी करताना सापडलो असे वाटायचे. मग डिजिटल कॅमेरा आला, छत्तीसची मर्यादा गेली आणि एका लग्नाची तीन-चार हजार चित्रे निघू लागली. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे लग्न इटलीत झाले, त्याची चित्रे देशभर पाहिली गेली, आणि आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या मुलामुलींनाही ‘तसे’ फोटो हवेसे वाटू लागले. त्यात हसण्यासारखे काही नाही. स्टुडिओतला तो रंगवलेला महाल तरी आपल्या आजोबांचा कुठे होता?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कँडिड शैलीचे समर्थक म्हणतात, की मांडून काढलेला फोटो खोटा आणि नकळत टिपलेला खरा. हे विधान इतके सोपे नाही.

या शैलीचा उगम लग्नमांडवात नाही, वृत्तपत्रांत आहे. १९२५ साली जर्मनीत लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकाराला गर्दीत मिसळून, कुणाच्या लक्षात न येता चित्र टिपता येऊ लागले. या कलेचा मोठा आचार्य म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. गांधीजींचे अखेरचे दिवस टिपणारा तो हाच. त्याचे १९५२ चे गाजलेले पुस्तक इंग्रजी जगात ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते, पण मूळ फ्रेंच नावात घाईघाईने, काहीशा चोरट्या रीतीने टिपलेली चित्रे असा भाव आहे. इंग्रजी नावात कलेचा गौरव आहे. फ्रेंच नावात कबुली आहे. मला कबुली अधिक आवडते.

कारण नकळत टिपणे म्हणजे न विचारता घेणे. ‘इकडे बघा’ हा हुकूम वाटतो खरा, पण त्यात विचारणाही असते. तुमचे चित्र घेतो आहे, तयार व्हा. त्या सूचनेबरोबर माणूस पदर सावरतो, टोपी नीट करतो, लेकराचे नाक पुसतो आणि ताठ उभा राहतो. हा क्षणभराचा खोटेपणा आहे का? मला वाटते, मला कसे पाहिले जावे याविषयीचे हे त्या माणसाचे स्वतःचे निवेदन आहे. भरतमुनींनी नाट्यात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले. एकात जगणे जसे आहे तसे येते, दुसऱ्यात ते संकेतांनी घडवलेले असते. नाट्यधर्मी मार्गाला भरताने खोटा म्हटलेले नाही. वर्षभर शेतात वाकलेला माणूस भाचीच्या लग्नात एकदा ताठ उभा राहून फोटो काढून घेतो, तेव्हा त्याचे वाकलेले रूप खरे आणि ताठ रूप खोटे, असे कोणत्या अधिकाराने म्हणायचे?

दुसऱ्या बाजूने पाहू. उपनिषदांतला दोन पक्ष्यांचा दृष्टान्त वाचकांना माहीत असेल. एकाच झाडावर दोघे बसले आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. आपल्या परंपरेत साक्षी म्हणजे असा पाहणारा, ज्याच्या पाहण्याने पाहिले जाणारे बदलत नाही. या कसोटीवर चांगला कँडिड छायाचित्रकार साक्षीच्या फार जवळ जातो. तो अंतरपाट धरणाऱ्याला ‘जरा खाली घ्या’ म्हणत नाही. मंगळसूत्र बांधताना वराचा हात अडवत नाही. तो असतो आणि नसतो. अशी माणसे मी पाहिली आहेत, आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेला एकजण त्यांतला आहे, आणि त्याचे काम पाहून मला शिकवल्याचे समाधान झाले, जरी छायाचित्रणातले मला काही येत नाही आणि वर्गात तो कधी लक्ष देत नसे.

तेव्हा मांडलेल्या चित्रात मान आहे, न मांडलेल्या चित्रात सत्य आहे, आणि दोन्ही मोलाची आहेत. खोटेपणा शिरतो तो तिसऱ्या जागी. आजकाल मांडवात ऐकू येते, ‘दादा, तुम्ही वहिनींकडे बघा, कॅमेऱ्याकडे बघू नका, अगदी नॅचरल हसा.’ म्हणजे पाहत नसल्यासारखे पाहायचे. यात उभे राहून घेतल्याचा मान नाही आणि नकळत टिपल्याचे सत्यही नाही. याहून पुढची पायरी म्हणजे विधीच पुन्हा करायला लावणे. ‘भटजी, ते पाऊल परत एकदा.’ तांदळाच्या सात पुंजक्यांवरून नवरी उजवे पाऊल ठेवत जाते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा म्हणतो, की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की योग्य विधी झालेला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, आणि लग्न म्हणजे गाण्याबजावण्याचा व खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे. मग ते सातवे पाऊल कॅमेऱ्यासाठी आठव्यांदा टाकले जाते, त्याला काय म्हणायचे? कायद्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. पण वधूच्या मनात पुढे जे पाऊल उरेल ते कोणते? पहिल्या वेळी तिचे लक्ष नवऱ्याकडे आणि मंत्राकडे होते. दुसऱ्या वेळी ते दिव्याकडे आहे, आणि अल्बमात दुसरेच पाऊल जाणार आहे. इथे कॅमेरा यजमान झाला आणि लग्नघरचे लोक त्याचे आश्रित.

वडोदऱ्यात अखेरपर्यंत राहिलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या वेळचा सारा इतिहास त्यांनी टिपला आणि १९७० साली कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पुढे २०१२ पर्यंत त्या हयात होत्या. आपण का थांबलो हे सांगताना त्यांनी नव्या छायाचित्रकारांच्या वागण्याकडे बोट दाखवले होते. त्यांच्या पिढीत समारंभात कसे वागायचे, कोणते कपडे घालून जायचे याचेही नियम होते. मांडवात पाहुण्यांकडे पाठ करून, व्यासपीठावर गुडघा टेकून, भटजी आणि वधूवर यांच्यामध्ये घुसलेल्या छायाचित्रकारांची भिंत पाहिली, की मला हटकून त्या बाईंची आठवण येते. अक्षता टाकायला आलेल्या तीनशे माणसांना त्या भिंतीपलीकडचे लग्न एका मोठ्या पडद्यावर पाहावे लागते. साक्षीला बोलावलेल्यांना आपण प्रेक्षक करून टाकले.

पण कोणती शैली चांगली, याचा निकाल तत्त्वाने लागत नाही हे मला एका घरात कळले. ते घर माझ्या माहितीतले आहे, नाव सांगण्याचे कारण नाही. मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. रीतीप्रमाणे कन्यादानाला काका-काकू बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात अक्षतांचे ताट, डोक्यावर पदर, मांडवाकडे पाहत उभी. वर ज्याचा उल्लेख केला त्या विद्यार्थ्याने तो क्षण दुरून टिपला. चित्र असे की पाहणाऱ्याच्या पोटात कालवावे. मुलगी म्हणाली, हे अल्बमात पहिल्या पानावर लावायचे. काका म्हणाले, हे अजिबात नको, लोक काय म्हणतील? त्यांचे म्हणणे मला क्षुद्र वाटले आणि मुलीचे उदात्त. सत्य झाकू नये या बाजूने मी दोन शब्द बोललोही. आई सगळे ऐकत होती. तिला कुणी विचारले नव्हते. अखेर तीच म्हणाली, ‘अगं, तो छान काढलाय. पण माझा असा नको लावू. मला तुमच्या दोघांच्या मधे खुर्चीवर बसव आणि नीट एक काढ.’

लग्न होऊन महिना झाला होता. तरी मुलगी-जावई पुन्हा नटले, आई हिरवट रेशमी लुगडे नेसली, अंगणात खुर्ची मांडली गेली आणि फोटो निघाला. तिघांचे डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. कलेच्या दृष्टीने त्यात काही नाही. पहिल्या पानावर तो आहे. दारातले चित्रही अल्बमात आहे, पण आईने दाखवलेल्या जागी, मागच्या पानांत.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहतो. दारातल्या चित्राने सत्य सांगितले, की या बाईला मांडवाबाहेर ठेवले होते. ते सत्य काकांना बोचणे योग्यच होते. पण ज्या बाईला बाहेर ठेवले तिनेच पुन्हा कायमचे दारात का उभे राहावे? आपल्या दुःखाचा पुरावा होणे तिला नको होते, तिला खुर्ची हवी होती. मुलीला सत्याची चाड होती, काकांना अब्रूची, आणि मला, खरे सांगायचे तर, दोन्ही बाजू ऐकून निकाल देण्याची सवय. चित्र ज्याचे, त्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांतही नव्हती.

लग्नातल्या अशा पुष्कळ माणसांना कुणी विचारत नाही. आचारी, वाजंत्रीवाले, पत्रावळी उचलणाऱ्या बाया. जुन्या शैलीत ती चित्रात येतच नसत. नव्या शैलीत येतात, पण ‘रंगत’ म्हणून येतात. कढईवरच्या वाफेआडचा म्हाताऱ्या आचाऱ्याचा चेहरा फार सुंदर येतो, सर्वांच्या फोनवर फिरतो, आणि त्याची एक प्रत त्या म्हाताऱ्याला द्यावी हे कुणाला सुचत नाही.

प्री-वेडिंगविषयी वडील पिढीत जो राग आहे त्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. लग्नाआधी दोघे एकत्र हिंडली म्हणून संस्कृती बुडत नाही. आजच्या मुलामुलींची ओळख आधी झालेली असतेच, आणि ती झालेली बरी. अंतरपाट दूर होताच प्रथम दर्शन घडते ही कल्पना आता संकेतापुरती उरली आहे. माझी हरकत निराळी आहे. त्या चित्रांत दोघांखेरीज कुणी नसते. समुद्र असतो, डोंगर असतो, भाड्याची मोटार असते. लग्न म्हणजे दोन घरे, दोन गावे, आणि आपल्याकडे तर कधी दोन भाषा एकत्र येणे. ते सारे वगळून उरलेले चित्र आधी काढायचे आणि लग्नाच्या दिवशी तेच पडद्यावर पाहुण्यांना दाखवायचे, यात पाहुण्यांचा किंचित अवमान आहे असे मला वाटते. बाकी हौस म्हणून दोघांनी ती चित्रे काढावीत आणि घरात ठेवावीत. त्याला कोण नको म्हणेल?

दोन भाषांवरून आठवले. आपल्या भागात मराठी-कानडी सोयरिकी नव्या नाहीत. अशा लग्नात मोठ्या शहरातून आणलेला नामांकित छायाचित्रकार पुष्कळदा चुकतो, कारण पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक नसते. जीरिगे-बेल्लाचा विधी, म्हणजे वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ घालणे, अंतरपाट दूर होताच घडतो आणि पटकन उरकतो. आपली कानपिळी तर नवरीचा भाऊ कधी उठेल त्यावर. ते क्षण गल्लीतल्या छायाचित्रकाराला सापडतात, कारण त्याने ते शंभर लग्नांत पाहिलेले असतात आणि नवरीचा भाऊ कोण हेही त्याला माहीत असते. शैलीचे नाव विचारण्यापूर्वी त्याला एवढे विचारावे, की आमच्यातले लग्न तुम्ही पाहिले आहे का? आणि आजीला खुर्ची कोण देणार? या दोन प्रश्नांना जो न अडखळता उत्तर देईल त्याच्या हाती कोणताही कॅमेरा चालेल.

टिकण्याचा प्रश्न मी लांबवत नाही. आजोबांचा कृष्णधवल फोटो अजून शाबूत आहे, आमच्या पिढीचे रंगीत फोटो लालसर पडले, आणि नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ कॅसेटांना बुरशी आली. त्या लावून पाहायचे यंत्र बनवणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले. आजची हजारो चित्रे कुठल्याशा डबीत किंवा फोनमध्ये आहेत. त्यांतली पंचवीस तरी कागदावर छापून घ्यावीत. कोणती पंचवीस, हे निवडायला दोन्ही घरांतल्या मंडळींनी एक रविवार बसावे. वाद होतील. यादीच्या बैठकीपेक्षा अधिक होतील, पण तोवर लग्न झालेले असल्यामुळे ते मोडण्याची भीती नसते.

राहता राहिला खर्च. तो कोणत्या पक्षाने करायचा, याविषयी या भागातल्या अनुभवी वाचकांना मी काही सांगावे असे नाही.